फोन रीसेट केल्यावर नंबर आणि ईमेल परत कसे आणायचे

रीसेट केलेल्या फोनच्या पोटातून नंबर खणून काढता येत नाहीत, हे आधी पक्कं समजून घ्या. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या फोनमध्ये आतली साठवण एन्क्रिप्टेड असते, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद असते. आयफोनमध्ये तर त्याच्या बऱ्याच आधीपासून. रीसेट करताना फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. आत काही उरलं असलं तरी ते कुणालाच वाचता येत नाही. त्यामुळे ‘रीसेटनंतरचे कॉन्टॅक्ट परत मिळवा’ म्हणणारं ॲप असो किंवा ‘पैसे द्या, डेटा काढून देतो’ म्हणणारं दुकान, दोघांनाही सरळ नाही म्हणा. अशी ॲप्स बहुतेक वेळा उलट तुमचे उरलेसुरले नंबर वाचण्याची परवानगी मागत असतात.

तरीही बहुतेकांचे नंबर आणि मेल परत येतात, कारण मुळात ते फक्त फोनमध्ये नव्हतेच. ते गूगल, ॲपल किंवा सॅमसंगच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटखाली असतात आणि फोन त्यांची नक्कल दाखवत असतो. म्हणजे काम उरतं ते बरोबर अकाउंट ओळखण्याचं, त्यात शिरण्याचं आणि योग्य क्रमाने सगळं खाली उतरू देण्याचं. नुकसान होतं ते या क्रमात घाई केल्याने. पावसात लोकलमधून उतरताना भिजलेला फोन सर्व्हिस सेंटरमधून मदरबोर्ड बदलून आला, पॅटर्न विसरल्यामुळे रीसेट करावा लागला किंवा जुना फोन साफ करून आईला दिला, तिन्ही वेळा पायऱ्या याच.

नंबर राहत कुठे होते?

फोनमध्ये काहीही दाबण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधा. जागा साधारण चार असतात.

पहिली गूगल अकाउंट. अँड्रॉइडवर बहुतेकांचे नंबर इथेच असतात. खात्री करायची तर घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा, कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता टाका आणि स्वतःच्या जीमेलने लॉगिन करा. डाव्या बाजूला ‘कॉन्टॅक्ट्स’ या शब्दाशेजारी एक आकडा दिसतो. तो ओळखीचा वाटला, म्हणजे सहाशे-सातशे नंबर होते आणि तिथे ६५० दिसतायत, तर अर्धं काम झालं. तो आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे तो लागेल.

दुसरी जागा फोन कंपनीचं अकाउंट. सॅमसंगच्या फोनवर नवा नंबर सेव्ह करताना ‘सॅमसंग अकाउंट’ निवडलेलं असेल तर ते नंबर गूगलमध्ये दिसणार नाहीत. शाओमीच्या फोनवर हेच शाओमी अकाउंटच्या बाबतीत होतं.

तिसरी जागा सिम कार्ड. जुन्या सवयीने अनेक ज्येष्ठ मंडळी अजूनही सिमवर नंबर ठेवतात. साधारण सिमवर २५० च्या आसपास नोंदी मावतात, एका नावापुढे एकच नंबर राहतो आणि लांब नाव कापलं जातं. देवनागरीत लिहिलेलं नाव तर आणखी लवकर कापलं जातं. मात्र रीसेटमुळे सिमवरचे नंबर पुसले जात नाहीत. ते कार्डावरच असतात.

चौथी जागा फोनची स्वतःची मेमरी, म्हणजे सेव्ह करताना ‘फोन’ किंवा ‘डिव्हाइस’ निवडलेले नंबर. धोका इथेच आहे. रीसेटमध्ये हे जातात. पण गूगलचा बॅकअप चालू असेल तर याही नंबरांची एक प्रत गूगलकडे गेलेली असू शकते. ती कशी काढायची ते पुढे येईल.

दुकानदाराने बनवून दिलेला जीमेल

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये फोन घेतला की दुकानातला मुलगा पाच मिनिटांत सगळं ‘सेट’ करून देतो. त्यात तो अनेकदा एक नवं जीमेल खातंही उघडतो. नाव, जन्मवर्ष आणि दोन-तीन आकडे मिळून कुठलातरी आयडी तयार होतो आणि पासवर्ड पावतीच्या मागे लिहिला जातो. पुढची तीन-चार वर्षं सगळे नंबर निमूटपणे त्याच खात्यात जमा होत राहतात आणि मालकाला त्या आयडीचा पत्ताच नसतो. रीसेटनंतर तो आपल्या दुसऱ्या, ‘खऱ्या’ जीमेलने लॉगिन करतो, फोनबुक रिकामं दिसतं आणि नंबर गेले असं समजून बसतो.

हा आयडी शोधता येतो. गूगलच्या लॉगिन पानावर ईमेल लिहायच्या चौकटीखाली ‘फरगॉट ईमेल’ असं लिहिलेलं असतं. ते दाबा, मोबाइल नंबर द्या आणि खात्यावरचं नाव-आडनाव द्या. नाव खात्यात जसं आहे तसंच लागतं. दुकानदाराने फक्त ‘सुनील’ लिहिलं असेल तर आडनावाची चौकट रिकामी ठेवून बघा. ओटीपी टाकला की त्या नंबराला जोडलेल्या सगळ्या खात्यांची यादी समोर येते. एकाहून अधिक खाती निघाली तर प्रत्येकात शिरून कॉन्टॅक्टचा आकडा बघा. फोनचा खोका आणि पावतीही तपासा.

पासवर्ड आठवत नसेल तर ‘फरगॉट पासवर्ड’ने पुढे जा, पण घरच्या वायफायवरून आणि पूर्वी त्या खात्यात लॉगिन केलेल्या एखाद्या टॅबवरून किंवा कॉम्प्युटरवरून. गूगल ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा बघतं. अनोळखी सायबर कॅफेतून तोच प्रयत्न केला तर नकार मिळण्याची शक्यता वाढते. चुकीची उत्तरं देत पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, काही काळासाठी दार बंद होतं. आणि खातं सलग दोन वर्षं अजिबात वापरलं नसेल, तर गूगल ते हटवू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हे धोरण लागू आहे.

रीसेट अजून व्हायचा असेल तर

अर्धा तास काढा आणि ही चार कामं आधी करा. ज्यांनी ती केली, त्यांना या लेखाचा पुढचा निम्मा भाग लागणार नाही.

१. कॉन्टॅक्ट ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट’ शोधा. गूगलच्या ॲपमध्ये ते ‘ऑर्गनाइझ’ या टॅबखाली ‘एक्सपोर्ट टू फाइल’ नावाने असतं. सगळी खाती निवडून व्हीसीएफ फाइल (सगळ्या नावा-नंबरांची एक फाइल) बनवा आणि ती फोनवर न ठेवता स्वतःलाच मेल करा किंवा घरच्या कॉम्प्युटरवर घ्या. हजार नंबरांची फाइलही फोटो नसतील तर काहीशे केबीच होते.

२. फोनमध्ये कोणकोणती खाती आहेत ते लिहून घ्या आणि प्रत्येकाचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर प्रत्यक्ष लॉगिन करून तपासा. ‘लक्षात आहे’ यावर विसंबू नका. फोन तीन वर्षं पासवर्ड विचारत नाही, त्यामुळे तो विसरलेला असतो आणि विसरल्याचं कळलेलंही नसतं. तपासताना पासवर्ड बदलावा लागला तर रीसेट एक दिवस पुढे ढकला. ताज्या बदललेल्या पासवर्डनंतर किमान २४ तास थांबा असं गूगल स्वतः सांगतं.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारी सोय) चालू असेल तर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागातून बॅकअप कोड काढून कागदावर लिहा. एका वेळी दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा.

४. ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच बसवलेलं सिम) असेल तर रीसेटच्या पडद्यावर ‘इरेझ ई-सिम’ची खूण काढून टाका. ई-सिम पुसलं तर नंबर बंद, नंबर बंद तर ओटीपी बंद, आणि मग पुढचं सगळंच अडतं.

याच कारणासाठी, सिम बदलणं आणि फोन रीसेट करणं एकाच दिवशी करू नका. डुप्लिकेट सिम घेतल्यावर पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत. सिमची फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेली ही अट आहे. दुपारी मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून नवं सिम आणलं आणि संध्याकाळी फोन रीसेट केला, तर ओटीपीची वाट बघत दुसऱ्या दिवसापर्यंत बसावं लागेल.

फोन पुन्हा सुरू करताना

चार्ज निम्म्याहून जास्त असू द्या आणि सिम आत घाला. इंटरनेट घरचं वापरा. रेल्वे स्टेशनवरचा मोफत वायफाय दिवसाला अर्धा तासच फुकट मिळतो आणि डेटा खाली उतरणं मध्येच तुटलं तर अर्धवट अवस्था निस्तरणं जास्त कटकटीचं असतं.

भाषा निवडली, वायफाय जोडला की फोन विचारतो, ‘कॉपी ॲप्स अँड डेटा’. इथे बरेच जण घाईत ‘डोंट कॉपी’ किंवा ‘स्किप’ दाबतात. तसं करू नका. बहुतेक फोनमध्ये जुना बॅकअप उतरवायची संधी फक्त या पहिल्या सेटअपमध्येच मिळते. ‘स्किप’ केल्याने गूगलमधले कॉन्टॅक्ट बुडत नाहीत, ते नंतरही सिंक होतात, म्हणजे सर्व्हरवरून आपोआप फोनमध्ये येतात. पण एसएमएस, कॉलची यादी आणि ॲप्सची मांडणी मात्र हातची जाते. आणि कॉलची यादी पुढे हरवलेले नंबर शोधायला फार उपयोगी पडते.

जीमेलने लॉगिन केल्यावर जुन्या फोनच्या मॉडेलचं नाव आणि बॅकअपची तारीख दिसेल. सर्वांत अलीकडचा बॅकअप निवडा. आता फोन जुना पिन किंवा पॅटर्न मागेल. हा सध्याच्या फोनचा नवा पिन नव्हे. बॅकअप घेतला तेव्हा जो होता तो. बॅकअप त्याच पिनने बंद केलेला असतो.

बॅकअप दिसतच नसेल तर तीन कारणं संभवतात. लॉगिन वेगळ्या जीमेलने झालं आहे. किंवा फोन ५७ दिवसांहून जास्त काळ बंद पडून होता, तेवढ्या काळानंतर गूगल बॅकअप काढून टाकू शकतं. किंवा जुन्या फोनवर अँड्रॉइडची आवृत्ती या फोनपेक्षा नवी होती. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही.

फोन बटणं दाबून, रिकव्हरी मेनूतून रीसेट केला असेल तर सुरुवातीलाच ‘या फोनवर आधी असलेल्या खात्याने लॉगिन करा’ असा पडदा येतो. ही चोरीविरोधी व्यवस्था अँड्रॉइड ५.१ पासून आहे. तिथे जुनं जीमेल किंवा जुना स्क्रीन लॉक दिल्याशिवाय फोन पुढे जात नाही. बायपास करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती फोन देण्याआधी वर सांगितलेली आयडी शोधण्याची पायरी पूर्ण करा.

आणखी एक बारीक गोष्ट: मदरबोर्ड बदलून आलेल्या किंवा बॅटरी पार उतरलेल्या फोनची तारीख कधीकधी काही वर्षं मागे गेलेली असते. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. आधी तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

लॉगिन झालं, पण फोनबुक रिकामं

पाच-दहा मिनिटं थांबा. तरी नाव नाही, तर हा क्रम धरा.

सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’ उघडा. सॅमसंगमध्ये हे ‘अकाउंट्स अँड बॅकअप’मधल्या ‘मॅनेज अकाउंट्स’खाली सापडेल. आपलं गूगल खातं निवडा, ‘अकाउंट सिंक’मध्ये जा, ‘कॉन्टॅक्ट्स’चं बटण चालू आहे का बघा आणि कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून ‘सिंक नाउ’ दाबा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा, तो पाठीमागचं सिंक थांबवतो.

अजूनही नाही? मग कॉन्टॅक्ट ॲप चुकीचं खातं दाखवत असण्याची शक्यता मोठी आहे. गूगलच्या ॲपमध्ये उजवीकडे वर असलेल्या आपल्या फोटोच्या गोलावर टिचकी मारून खातं बदला. सॅमसंगच्या ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघांतून ‘ऑल कॉन्टॅक्ट्स’ निवडा. कॉल करताना नाव दिसत नाही पण कॉन्टॅक्ट ॲपमध्ये दिसतं, असं असेल तर डायलरला, म्हणजे कॉल लावायच्या ॲपला, कॉन्टॅक्टची परवानगी मिळालेली नाही. व्हॉट्सॲपमध्ये सगळीकडे नुसते नंबर दिसत असतील तर तेच कारण: सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, परमिशन्स, कॉन्टॅक्ट्स, ‘अलाउ’.

आता कागदावरचा आकडा काढा आणि फोनमधल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला आणि ओळखीचं कुणी गहाळ नसेल तर थांबा, नंबरांच्या पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. आकडा कमी पडत असेल किंवा नावं गहाळ असतील तरच पुढे.

फोनच्या मेमरीतले नंबर: सेटिंग्जमध्ये ‘गूगल’, त्यात ‘ऑल सर्व्हिसेस’, त्यात ‘रिस्टोअर कॉन्टॅक्ट्स’. काही फोनमध्ये हेच ‘सेटअप अँड रिस्टोअर’च्या आत असतं. जुन्या फोनचं नाव दिसलं तर ते निवडा आणि ‘डिव्हाइस स्टोरेज’ व ‘सिम कार्ड’ यांतलं हवं ते चालू ठेवून ‘रिस्टोअर’ करा. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे.

सॅमसंगचे: सॅमसंग अकाउंटने लॉगिन करून त्या खात्याचं कॉन्टॅक्ट सिंक चालू करा.

सिमवरचे: कॉन्टॅक्ट ॲप, ‘ऑर्गनाइझ’, ‘मॅनेज सिम’. दोन सिम असतील तर दोन्ही. मुद्दाम शेवटी सांगतो आहोत, कारण गूगलचं सिंक पूर्ण होण्याआधी सिम आयात केलं की प्रत्येक नाव दोनदा दिसतं. तसं झालंच तर हाताने एकेक पुसत बसू नका. त्याच टॅबमधलं ‘मर्ज अँड फिक्स’ सारख्या नोंदी एकत्र करतं.

खात्यातूनच नंबर गेले असतील तर

कधीकधी रीसेटच्या गडबडीत कुणीतरी ‘सगळे निवडा, डिलीट’ करतं आणि सिंकमुळे सर्व्हरवरूनही नावं जातात. गूगलकडे याला दोन उपाय आहेत. पुसलेला कॉन्टॅक्ट ‘बिन’मध्ये ३० दिवस राहतो, तिथून ‘रिकव्हर’ करता येतो. आणि सगळं फोनबुकच बिघडलं असेल तर कॉम्प्युटरवरच्या कॉन्टॅक्ट पानावर चाकाच्या चिन्हात ‘अनडू चेंजेस’ आहे. दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, काल, आठवड्यापूर्वी किंवा ३० दिवसांच्या आतली कुठलीही वेळ निवडली की फोनबुक त्या क्षणी जसं होतं तसं होतं. त्या क्षणानंतर जोडलेली नवी नावं मात्र निघून जातात, म्हणून आधी सध्याच्या यादीची फाइल ‘एक्सपोर्ट’ करून बाजूला ठेवा.

कपाटात जुना फोन पडलेला असेल आणि त्यात हे नंबर असण्याची शक्यता असेल, तर त्यातलं सिम काढा आणि तो चालू करताना घरचा वायफाय राउटर बंद ठेवा. फोन सुरू झाला की लगेच फ्लाइट मोड लावा, मगच राउटर चालू करा. तो इंटरनेटला जोडला गेला की सर्व्हरवरचं ‘पुसलं गेलं’ हे त्यालाही कळतं आणि तिथूनही नावं नाहीशी होतात. फ्लाइट मोडमध्येच व्हीसीएफ फाइल बनवा आणि ब्लूटूथ किंवा केबलने बाहेर काढा.

मराठी नावांची फाइल

साध्या बटणांच्या किंवा जुन्या फोनवरून आलेल्या व्हीसीएफ फाइलमध्ये मराठी नावांऐवजी ‘=ई०=ए४’ अशा थाटाची लांबलचक साखळी दिसते. फाइल बिघडलेली नाही. देवनागरी अक्षरं त्या जुन्या पद्धतीने लिहिली आहेत एवढंच. ती नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. अँड्रॉइड फोनवरच्या कॉन्टॅक्ट ॲपमधून ‘इंपोर्ट फ्रॉम फाइल’ करा, सहसा नावं नीट उमटतात.

गूगलची सीएसव्ही (तक्त्याच्या रूपातली) फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं हा दुसरा सापळा. एक्सेल देवनागरीचा चुथडा करू शकतं, आणि ९१ ने सुरू होणारा बारा आकडी मोबाइल नंबर ‘९.२ई+११’ अशा रूपात दाखवतं. तसंच सेव्ह केलं तर शेवटचे आकडे कायमचे जातात. बघायचीच असेल तर गूगल शीट्समध्ये बघा आणि मूळ फाइल तशीच जपा. एका वेळी ३,००० पर्यंतच नोंदी गूगलमध्ये आयात होतात. एपीएमसीतल्या गाळ्यावरच्या फोनमध्ये याहून जास्त नंबर सहज असतात, तिथे फाइलचे भाग करावे लागतील.

आयफोन असेल तर

सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी, ‘आयक्लाउड’, ‘कॉन्टॅक्ट्स’ चालू. पण आपल्याकडे अनेक आयफोनवाल्यांचे नंबर जीमेलमध्येच असतात, कारण आधीचा फोन अँड्रॉइड होता. त्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘कॉन्टॅक्ट्स’, ‘कॉन्टॅक्ट्स अकाउंट्स’मध्ये गूगल खातं जोडून तिथलं ‘कॉन्टॅक्ट्स’ चालू करा. आयओएस १८ च्या आधी ‘कॉन्टॅक्ट्स’ थेट सेटिंग्जच्या यादीत असायचं. आयक्लाउडमधून नावं पुसली गेली असतील तर कॉम्प्युटरवर आयक्लाउड डॉट कॉमवर ‘डेटा रिकव्हरी’त गेल्या ३० दिवसांतल्या जुन्या प्रती मिळतात.

आता मेल

मेलची गोष्ट नंबरांपेक्षा सोपी आहे. जीमेल, आउटलुक, याहू यांचे मेल सर्व्हरवरच असतात. लॉगिन केलं की परत दिसतात, मसुद्यांसकट. जातात ते तीन प्रकार: न गेलेले, आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल; डाउनलोड करून ठेवलेल्या फाइली; आणि जीमेल ॲपमध्ये लिहिलेली मोबाइल सिग्नेचर. फाइली मूळ मेलमधून पुन्हा उतरवता येतात.

‘जुने मेल गेले’ अशी तक्रार बहुधा खोटी ठरते. जीमेल ॲप सुरुवातीला साधारण ३० दिवसांचेच मेल फोनवर आणतं. जुने हवे असतील तर शोधपट्टीत नाव टाका, ते सर्व्हरवरून येतील. ऑफलाइनही हवे असतील तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये खातं निवडून ‘डेज ऑफ ईमेल्स टू सिंक’ वाढवा.

नवे मेल येतच नसतील तर जागा तपासा. गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते; ती भरली की येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. मेल येतात पण घंटी वाजत नाही, असं असेल तर नोटिफिकेशनची परवानगी बघा. अँड्रॉइड १३ पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते आणि रीसेटनंतर नकळत ‘डोंट अलाउ’ दाबलं जातं. शाओमी, ओप्पो, विवोच्या फोनवर शिवाय ॲप इन्फोत जाऊन ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा.

हॉटमेल किंवा आउटलुकचं खातं जीमेल ॲपमध्ये जोडताना ‘अदर’ निवडून पासवर्ड टाकू नका. सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने जोडणी देत नाही. ‘आउटलुक, हॉटमेल अँड लाइव्ह’ निवडा म्हणजे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं लॉगिन पान उघडेल. याहूला हाताने जोडताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही, त्यांच्या सिक्युरिटी पानावरून ‘ॲप पासवर्ड’ बनवून तो टाकावा लागतो.

दुकानाच्या किंवा सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनचं खातं असेल तर प्रकार विचारला जातो: आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात) की पॉप (मेल फोनवर उतरवले जातात). नेहमी आयमॅप घ्या. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३ आणि एसएसएल, जाणाऱ्यासाठी पोर्ट ४६५ आणि एसएसएल किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. सर्व्हरचं नाव डोमेन देणाऱ्याकडून घ्या, अंदाजाने टाकू नका. मेल येतात पण जात नाहीत, याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘आउटगोइंग’ भागात युजरनेम-पासवर्ड भरायचा राहिलेला असतो. जुन्या फोनवर हे खातं पॉपने चालत असेल आणि ‘सर्व्हरवरून काढून टाका’ असं सेट असेल, तर रीसेटबरोबर ते मेल खरोखर गेले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही तेच खातं होतं का, ते विचारा. तिथे प्रत सापडू शकते.

ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. कंपनीचं खातं ऑथेंटिकेटर (लॉगिनची खात्री करणाऱ्या) ॲपवर मंजुरी मागतं आणि तेच ॲप रीसेटमध्ये गेलेलं असतं. घरी बसून प्रयत्न करून खातं लॉक करून घेऊ नका. आयटी हेल्पडेस्कला दोन गोष्टी सांगा: जुन्या उपकरणाची नोंदणी काढा आणि ऑथेंटिकेटर नव्याने जोडायची परवानगी द्या. रीसेट शुक्रवारी रात्री न करता कामाच्या दिवशी सकाळी करावा, तो यासाठी. स्वतःच्या खात्यांसाठी गूगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर एप्रिल २०२३ पासून त्याचे कोड गूगल खात्यात साठवता येतात. ही सोय आधी चालू केली असेल तरच ते परत येतील.

तरीही उरलेले नंबर

व्हॉट्सॲप त्याच नंबराने आणि त्याच गूगल खात्याने सुरू करा, बॅकअप उतरवा. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर ती लागेल. तिला पर्याय नाही. चॅट परत आल्या की संभाषणावरून माणूस ओळखू येतो आणि तिथूनच नंबर सेव्ह करता येतो. सोसायटीच्या, शाळेच्या, मंडळाच्या ग्रुपमध्ये नंबरांशेजारी लोकांनी स्वतः ठेवलेलं नावही दिसतं. प्लंबर, दूधवाले, गॅसवाले असे रोजचे नंबर शेजाऱ्यांकडून ‘शेअर कॉन्टॅक्ट’ने मागवणं सगळ्यात जलद. यूपीआयच्या जुन्या व्यवहारांतही नावं सापडतात.

या काळात कुणाला मदतीसाठी फोन करायचा तर कस्टमर केअरचा नंबर शोधपट्टीतल्या जाहिरातीवरून घेऊ नका. ओटीपी, बॅकअप कोड किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप मागणारा माणूस कंपनीचा नसतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

शेवटची सेटिंग

कॉन्टॅक्ट ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट अकाउंट फॉर न्यू कॉन्टॅक्ट्स’ उघडा आणि तिथे आपलं गूगल खातं निवडा. ‘डिव्हाइस’ किंवा ‘सिम’ नको. मग एक खोटं नाव सेव्ह करा, समजा ‘चाचणी’, आणि कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्टचं पान ताजं करून ते दिसतं का बघा. दहा मिनिटांत दिसलं तर सिंक चालू आहे, नाव पुसून टाका. नाही दिसलं तर ‘अकाउंट सिंक’च्या पायरीवर परत जा, आणि तोपर्यंत नवे नंबर या फोनवर सेव्ह करू नका.